वायपर कपाटात आणि पाऊस दिंडोरी रोडवर

जेल रोड, नाशिक रोड
१८ मार्च २००१

आदरणीय मामा आणि मामी यांना किशोरचा सविनय जय भीम.

आम्ही इकडे बरे आहोत आणि गाडीही बरी आहे. गाडीचे आधी लिहिणार होतो, पण माणसांचे आधी लिहावे असे आईने सांगितले, म्हणून क्रम बदलला. मामा, तुमच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाल्याचे कळले, फार बरे वाटले. हिरवी पट्टी अजून आहे का? थेंब वेळच्या वेळी घालत असालच. खाली वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, डोळा चोळायचा नाही आणि मनाला ताण येईल असे काही ऐकायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे आई म्हणाली. यातली शेवटची सूचना डोळ्यांपुढे ठेवून हे पत्र मी अतिशय जपून लिहीत आहे. शेजारच्यांच्या फोनवरून सांगता आले असते, पण तिथे आख्खी चाळ कान देऊन उभी असते.

तुम्हाला वाचायची मनाई आहे, तेव्हा पत्र मामी वाचून दाखवतील असे धरून चाललो आहे. मामी, तुमचा प्रौढ साक्षरतेचा वर्ग होऊन बरीच वर्षे झाली, तरी मागे नाशिकला आलात तेव्हा द्वारका चौकापासून पंचवटीपर्यंत एकही पाटी तुम्ही मोठ्याने वाचल्याशिवाय सोडली नव्हती. रिक्षावाल्याने वळून पाहिले होते. त्यामुळे माझे अक्षर तुम्हाला जड जाणार नाही. तरी जोडाक्षरे मोठी काढली आहेत. (मामी, पत्रात जिथे असा कंस येईल तिथला मजकूर फक्त तुमच्यासाठी आहे. तो मनातल्या मनात वाचावा आणि पुढे जावे. मामांनी "का थांबलीस?" असे विचारलेच, तर अक्षर लागत नाही म्हणावे. माझ्या अक्षराची बदनामी झाली तरी चालेल.)

गाडीविषयी लिहितो. मामा, गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी तुमची नजर अंधूक व्हायला लागली आणि तुम्ही फियाट माझ्या हवाली केलीत, तो दिवस मी विसरलेलो नाही. तुम्ही सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढलीत. मागे पळत जाणारे रूळ तेवढे पाहिलेत, समोरून येणारे काही कधी पाहिले नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही गाडी घेतलीत आणि म्हणून गाडीत तुम्हाला सगळ्यांत प्रिय तिची पुढची काच, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. किल्ली देताना तुम्ही इंजिनाविषयी एक शब्द बोलला नाहीत. सगळे बोलणे काचेचे आणि वायपरचे. कोरड्या काचेवर वायपर फिरवायचा नाही, आधी पाणी मारायचे. धुळीवर फिरवला की रबरही जाते आणि काचही जाते. रबराची कड ओल्या फडक्याने पुसायची, फडके काळे यायचे थांबेपर्यंत. रॉकेल लावायचे नाही, कुणी कितीही सांगितले तरी. गाडी सावलीत लावायची, कारण रबर पावसाने मरत नाही, उन्हाने मरते. आणि निघताना तुम्ही आईला म्हणालात, "कमळे, ज्या पोराला वायपरचं रबर जपता येतं, त्याला बायकोही जपता येईल." हे वाक्य तुम्ही सहज बोललात. पण तेव्हा स्थळे जुळवणारे सहादू काका बशीतून चहा पीत बसले होते आणि त्यांनी ते उचलले. पुढे जे झाले ते त्या वाक्यामुळे झाले, असे मी म्हणत नाही. (म्हणतो आहे.)

तुमच्या सर्व सूचना मी पाळल्या. काही बाबतींत तर सूचनेच्या पुढे गेलो. आमच्या गल्लीत सावली फक्त भिंतीची, आणि ती एका जागी ठरत नाही. म्हणून सकाळी प्रेसवर जाण्याआधी गाडी भिंतीच्या अलीकडे ढकलायची आणि दुपारी जेवायला आलो की पलीकडे ढकलायची, असा नेम ठेवला. सुरू करून हलवली तर पेट्रोल जळते. सुरुवातीला चाळीतले लोक हौसेने हात लावत. पुढे पुढे मी जेवायला यायच्या वेळी गल्ली रिकामी दिसू लागली. एकदा एकट्याने ढकलताना गाडी थोडी जास्त गेली आणि पिठाच्या गिरणीच्या दारात उभी राहिली. (कुठे घासली नाही. गिरणीवाला घासला थोडा, पण तो आता चालतो आहे.)

ऊन फार तापले की वायपरच्या दांड्या काचेपासून उचलून उभ्या करून ठेवायच्या, म्हणजे रबर तापल्या काचेला चिकटत नाही, हेही मी वाचनात आल्यावर सुरू केले. त्यामुळे गाडी दिवसभर दोन्ही हात वर करून उभी असायची, पोलिसांनी पकडल्यासारखी. पहिल्या आठवड्यात शेजारच्या लंकाबाईंनी डाव्या हातावर टॉवेल वाळत घातला. मग उजव्या हातावर झंपर आला. मग एके दिवशी प्रेसवरून येऊन पाहतो तर आख्खे नऊवारी लुगडे एका दांडीपासून दुसऱ्या दांडीपर्यंत आणि तिथून आरशाला गुंडाळून वाळत होते, आणि गाडी कुठे आहे ते शोधावे लागले. मी नम्रपणे म्हटले की दांडीची स्प्रिंग सैल होते. त्या म्हणाल्या, "अरे बाबा, दोन काठ्या रिकाम्या उभ्या होत्या. आणि तुझी गाडी काय कुठं जाती व्हय? भिंतीच्या हिकडून तिकडं!" आणि ते खरे होते.

त्यानंतर आमच्या प्रेसच्या मालकांच्या गाडीचे वायपर रविवार कारंज्याच्या चौकात भरदिवसा चोरीला गेले. ते दोन नारळ घ्यायला उतरले होते. नारळ घेऊन येईपर्यंत वायपर नाहीसे. मला त्या दिवशी काम सुचेना. एका लग्नपत्रिकेत वधूच्या जागी वराचे नाव जुळवून बसलो, आणि अशी चूक माझ्या हातून कधी होत नाही हे तुम्ही जाणता. दिवाळी उलटून पाऊस संपला, त्या रविवारी मी निर्णय घेतला. दोन्ही वायपर दांड्यांवरून काढले. साबणाच्या पाण्याने धुतले. सावलीत वाळवले. सायकलच्या ट्यूबला दुकानदार लावतात ती संगजिऱ्याची पांढरी भुकटी चोळली. डिकीत तुमची नोकरीतली जुनी हिरवी झेंडी पडून होती, तिच्यात गुंडाळले आणि आईच्या कपाटात, वडिलांच्या फोटोशेजारी, तिच्या लग्नातल्या साडीखाली ठेवले. दर रविवारी उघडून पाहत होतो. आई म्हणायची, "एवढ्यांदा कुणी सोनं बघत नाय रे." (मामी, काढून ठेवायला मामांनी कधीही सांगितले नव्हते. ही माझी स्वतःची सुधारणा होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.)

आता मुख्य बातमी. सहादू काकांनी एक स्थळ आणले आहे, हे आईने तुम्हाला कळवलेच होते. मुलगी दिंडोरीची, नाव पल्लवी. नाशिकला पंचवटीत वसतिगृहात राहून डी.एड. करते, शेवटचे वर्ष आहे. वडील रावजी, कालव्यावर पाणी सोडायच्या कामाला आहेत. मी दहावीला इंग्रजीत राहिलो, हे सहादू काकांनी त्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगितले होते, फक्त "राहिला" न म्हणता "थांबला" म्हटले होते. बाकी मग त्यांनी माझ्या नावावर सांगायचे काय? नोकरी लग्नपत्रिका छापायच्या प्रेसमध्ये, घर भाड्याचे. म्हणून त्यांनी तुमचे ते वाक्य वापरले. पोरगा इतका जपणारा आहे की मामाच्या गाडीच्या वायपरचे रबरसुद्धा नवे आहे, असे त्यांनी दिंडोरीत बऱ्याच घरी सांगितले. रावजींनी निरोप पाठवला की मुलगा घेऊन या, आणि गाडीही घेऊन या.

तुम्ही येऊ शकत नव्हता, म्हणून नुसते पाहून यायचे, ठरवायचे ते तुम्ही आल्यावर, असे दोन्हीकडून ठरले. मागच्या रविवारी मी, आई आणि सहादू काका निघालो. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. दिंडोरीला पोहोचलो तर रावजी आम्हाला आत न नेता आधी गाडीभोवती फिरले. टायर पाहिले, काच पाहिली. मग दांड्यांना हात लावून म्हणाले, "वायपर कुठं हाय?" मी अभिमानाने सांगितले की घरी कपाटात आहेत, संगजिरे लावून, झेंडीत गुंडाळून. रावजींनी मान डोलावली आणि आत वळून बायकोला म्हणाले, "पोरगं लय जपणारं दिसतं." मामा, त्या क्षणी सगळे जमले होते. पोहे येण्याआधी जमले होते. मला तिथेच थांबता आले असते तर किती बरे झाले असते.

पोहे झाले, द्राक्षे झाली. मग आम्हा दोघांना ओट्यावर बोलायला बसवले. काय बोलावे ते मला सुचेना, म्हणून मी वायपरविषयी बोललो. (पुष्कळ बोललो. ऊन, धूळ, संगजिरे, सगळे सांगितले. मामी, तुम्ही हसत असाल, पण समोर शिकलेली मुलगी बसली असताना ज्यातले आपल्याला नीट कळते तेच माणूस बोलणार ना?) तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग पाऊस आला तर?" मी म्हटले, मार्चमध्ये पाऊस येत नाही. तिने फक्त एकदा वर पाहिले. वडील कालव्यावर असले की मुलांना वर पाहायची सवय लागत असावी.

निघताना रावजी म्हणाले की तेही येतात, मुलाचे घर पाहून होईल, आणि पल्लवीलाही वसतिगृहात सोडता येईल. तिथे अंधार पडायच्या आत हजेरी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा परीक्षेचा पाठ होता. त्या पाठासाठी तिने पक्ष्यांच्या चोचींचा एक मोठा तक्ता रंगवला होता. आठ दिवस खपली होती, असे तिची आई म्हणाली. तो तक्ता गुंडाळी करून रावजींनी मांडीवर घेतला. पुढे माझ्याशेजारी सहादू काका, मागे आई, पल्लवी आणि रावजी. रीतीप्रमाणे सगळे बरोबर बसले होते.

अक्राळे फाटा ओलांडला आणि त्र्यंबकच्या अंगाने आभाळ काळे होऊन आले. मी मनात म्हटले, हे नुसते ढग आहेत. आई म्हणाली, "किशोर, हे नुसतं आभाळ नाही रे." मग एक थेंब काचेवर पडला, रुपयाएवढा. मग सगळे थेंब एकदम. मधूनच बोराएवढ्या गारा टपावर वाजायला लागल्या. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते, काहींचा माल अजून वेलीवर होता. लोक ताडपत्र्या घेऊन धावत होते, पण वेलीला ताडपत्री कुठवर पुरणार? रावजी त्या मळ्यांकडे बघत राहिले. मामा, त्या वेळी वायपर ही फार लहान गोष्ट वाटली. पण मग काचेतून रस्ता दिसेनासा झाला आणि लहान गोष्ट पुन्हा मोठी झाली.

हात सवयीने वायपरच्या खटक्यावर गेला आणि मी तो ओढला. एक आवाज झाला. आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. मागून पल्लवी म्हणाली, "अहो, बंद करा, बंद करा!" मी बंद केले. (या आवाजाविषयी पत्राच्या शेवटी लिहितो, मामी.) आणि मागून रावजींनी अगदी शांतपणे विचारले, "काय हो किशोरराव, तुमच्या कपाटात पाऊस पडतो का?"

आईला खोकला आला.

एका चिंचेखाली गाडी थांबवली. सहादू काका म्हणाले, ट्रकवाले काचेला तंबाखू चोळतात, मग पाणी काचेवर थांबत नाही, सरळ वाहते. उपाय खरा असेलही, पण तंबाखू काकांच्या डबीतली होती आणि ती त्यांनी जेवणानंतरसाठी आधीच चुना घालून मळून ठेवलेली होती. आम्ही दोघांनी भिजत भिजत ती काचेवर चोळली आणि काचेवर पांढरा लेप बसला. आधी पावसात थोडे दिसत होते, आता कोरड्या दिवशीही दिसले नसते. काका हळहळले, पण काचेसाठी नव्हे. तो चुना पावसानेच धुऊन काढला, एवढे त्या दिवशीच्या पावसाने आमच्यासाठी केले.

थांबून राहावे तर उजेड सरत चालला होता. वसतिगृहाची हजेरी आणि सकाळचा पाठ. तेव्हा मला आठवले की रबर घरी असले तरी रबर पुसायचे फडके गाडीत आहे. ते मी कधी विसरत नाही. फडक्याचे दोन तुकडे केले. एक मी घेतला, उजवा हात खिडकीतून बाहेर काढून माझ्यापुढची काच पुसायची आणि डाव्या हाताने गाडी चालवायची. दुसरा तुकडा सहादू काकांना दिला. पण काकांचा खांदा धरलेला आहे, हात वर जाईना. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःचेच तोंड पुसले. तेव्हा पल्लवी म्हणाली, "काका, तुम्ही मागे या. मी बसते पुढे."

मामा, आई माझ्याकडे बघत होती, सहादू काका रावजींकडे बघत होते, आणि रावजी मांडीवरच्या तक्त्याकडे. मग त्यांनी सदऱ्याच्या गुंड्या काढल्या, तक्ता आत पोटाशी धरला, पुन्हा गुंड्या लावल्या आणि म्हणाले, "बस. पण किशोरराव, नजर रस्त्यावर." मी म्हटले, दुसरीकडे कुठे ठेवणार?

तर असे आम्ही आलो. डावी काच तिच्याकडे, उजवी माझ्याकडे. रावजी मागून "सावकाश, सावकाश" म्हणत होते, जसे तुम्ही शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवायचात तसे. डोक्यावर गोणपाट घेतलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि पुढे जाऊन थांबून आमच्याकडे पाहत राहिला. आधी आमचे हात कसेही चालत होते, तिचा वर तेव्हा माझा खाली. मध्येच तिने मला "तुम्ही फार घाई करता" असे सांगितले. म्हसरूळ येईपर्यंत हात बरोबर चालायला लागले. (मामी, हे वाक्य दोनदा वाचा. मनात.)

पंचवटीत वसतिगृहाच्या दारात तिला सोडले तेव्हा दिवे लागायचे होते. तक्ता रावजींच्या पोटाच्या उबेने थोडा वाकला होता, पण एकही चोच भिजली नव्हती. तिची बाही खांद्यापर्यंत भिजून हाताला चिकटली होती. ती पिळत तिने मला म्हटले, "पुढच्या वेळी वायपर लावून या." आणि आत गेली. मी या वाक्याचा आठवडाभर विचार करतो आहे. (मामी, "पुढच्या वेळी" म्हणजे पुढची वेळ आहे असेच ना? की हे लोक नुसते तसे म्हणतात? तुम्ही बायकांच्या बाजूने मला नीट सांगा.)

रावजी घरी आले. चहा घेतला. मग म्हणाले, ते कपाट दाखवा. आईने दाखवले. मी झेंडी सोडून वायपर त्यांच्या हातात दिले. त्यांनी बोटाने रबराची कड दाबून पाहिली आणि म्हणाले, "माल एक नंबर हाय." मला बरे वाटले. मग त्यांनी स्वतःच ते पुन्हा झेंडीत गुंडाळले, सावकाश, चारी बाजूंनी, आणि आईला म्हणाले, "बाई, पोरगं वाईट नाय. लय सरळ हाय. पण माझी पोर शाळंत शिकवणार हाय. उन्हातान्हात जाणार, चार माणसांत बोलणार. तिला असं झेंडीत गुंडाळून कपाटात ठिवलं तर मी काय करू?" आईने कपबशा गोळा केल्या. जाताना ते दारात थांबून म्हणाले, "मामांना घेऊन या. गाडी त्यांची, भाचा त्यांचा. त्यांनी सांगितलं तर पुढं बघू. नाय तर राम राम, जय भीम, काय राग नाय."

मामा, तेव्हापासून मला नीट झोप नाही. मी असा आहे का? मला वाटायचे की वस्तू जपणे म्हणजे चांगला गुण. वडील गेल्यापासून आपल्या हातात आलेली वस्तू आपल्या हातून खराब होऊ नये, एवढीच मला भीती असते, आणि गाडी तर तुमची. रबर आहे तसे परत द्यायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. ते पावसासाठी असते, हे मधल्या काळात माझ्या ध्यानातून गेले. मुलगी चांगली आहे, मामा. फार चांगली आहे. एवढेच लिहितो.

पत्र लांबले. मनमाडला उन्हाळा लवकर तापतो, बाहेर पडू नका, गॉगल लावा. मामींनी गुडघ्याला तेल लावत जावे. आईचा जय भीम. लंकाबाईंनी विचारले आहे.

आपला भाचा,
किशोर

ता. क. – मुद्द्याचे लिहायचे राहिले. पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की मी गाडी घेऊन मनमाडला येतो, आपण सगळे दिंडोरीला जाऊ. तिथे तुम्ही रावजींना एवढेच सांगावे की वायपर कपाटात ठेवायची आज्ञा तुमची होती, भाच्याने फक्त पाळली. रेल्वेच्या माणसाचा शब्द ते मोडणार नाहीत. असे बोलणे जड वाटले, तर "मीच शिकवलं त्याला" एवढेच म्हणावे आणि चहा प्यावा. पुढचे ते स्वतः समजून घेतील.

आणखी ता. क. – (हे फक्त मामींसाठी. त्या आवाजाविषयी. वायपर काढलेले असले की दांडीच्या टोकाला नुसता लोखंडी आकडा उरतो. मी खटका ओढला तेव्हा दोन्ही आकडे काचेवरून एकदा गेले आणि एकदा परत आले. त्यामुळे काचेवर दोन रेघा उमटल्या आहेत, अर्धगोल, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. उजवीकडची नेमकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. प्रेसमधल्या सगळ्या पावडरी लावून पाहिल्या, जात नाही. पट्टी निघाल्यावर मामा गाडीत बसतील आणि समोरच्या रस्त्यावर त्यांना वाकडी रेघ दिसेल. ऑपरेशन बिघडले असे वाटून ते डॉक्टरांशी भांडायला जातील. तसे होऊ देऊ नका. डॉक्टरांचा काही दोष नाही. रेघ काचेवर आहे. एखाद्या चांगल्या दिवशी, जेवण झाल्यावर, तुमच्या पद्धतीने त्यांना सांगा.)

शेवटचे ता. क. – वायपर त्या रविवारपासून गाडीलाच लावलेले आहेत. उन्हात आहेत. गाडी भिंतीच्या अलीकडेच उभी असते, मी ढकलत नाही. लंकाबाईंनी कपडे कुठे वाळत घालायचे म्हणून तक्रार केली आहे. झेंडी धुऊन आईने घडी करून ठेवली आहे, मनमाडला येईन तेव्हा तुम्हाला देईन.

आणि मामी, एक राहिले. तुम्हाला मनात वाचता येत नाही, हे मला द्वारकेच्या त्या रिक्षापासून माहीत आहे. म्हणजे मामांनी कंसांसकट सगळे ऐकले असणार. मामा, तुमच्यासमोर उभे राहून काचेचे सांगायचे मला धाडस झाले नसते, म्हणून कंस घातले. आता रागवायचे असेल तर जरूर रागवा. मात्र उत्तर मामींकडून लिहून घ्याल तेव्हा रागाचा मजकूर कंसात घाला, तो मी मनात वाचीन. दिंडोरीला यायची तारीख तेवढी कंसाबाहेर असू द्या, म्हणजे आईला मोठ्याने वाचून दाखवता येईल.